चिकन कोशर करायला शिकले, माझा अनुभव

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. लहानपणी घरात मटण आलं की आजी ते ताब्यात घ्यायची, आम्हाला एवढंच माहीत की रश्श्यात नारळाचं दूध पडतं आणि त्या दिवशी जेवणात दही ताक नाही. का ते कधी विचारलंच नाही. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा ठरवलं की आपल्या घरात पण कोशर, म्हणजे आमच्या धर्माचे खाण्याचे नियम, सगळं नीट पाळायचं, आजी आहे तोवर तिच्याकडून शिकून घ्यायचं.

माशांचं सोपं आहे, पर आणि खवले दोन्ही हवेत, म्हणजे पापलेट, सुरमई, रावस चालतात, कोळंबी आणि खेकडे नाही. खरं काम चिकन मटणाचं.

पहिल्यांदा कोंबडी हजानकडून, म्हणजे आमच्याकडे प्रार्थना चालवतात त्यांच्याकडून, कापून आणली (सुरीला बारीकशी खाच पण चालत नाही, ते आधी नखावर फिरवून बघतात). आजी फोनवर. ती म्हणाली आधी अर्धा तास पाण्यात बुडव, मग सगळ्या बाजूंनी मीठ लाव आणि तिरकं ठेव, रक्ताचं पाणी खाली गळून गेलं पाहिजे, तासाभराने तीनदा धू. रक्त खायचं नाही असं तोरा या आमच्या धर्मग्रंथात आहे, म्हणून हा सगळा खटाटोप. मी घरातलं बारीक मीठ लावलं. ते लगेच विरघळलं, रक्त ओढून घ्यायच्या आत मांसातच मुरलं, आणि तीनदा धुऊनही रस्सा इतका खारट झाला की कुणाला खाववेना. मला रडूच आलं, सणासाठी पाहुणे बोलावले होते. आजी रागावली नाही, फक्त म्हणाली, "अगं खडे मीठ, जाडं! मी सांगायला विसरले, आमच्याकडे दुसरं असायचंच कुठे."

दुसऱ्या वेळी खडे मीठ आणलं, मोठी चाळणी परातीवर कलती ठेवली. परातीत लालसर पाणी साठताना बघितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजी मोरीजवळ तासभर का बसून असायची. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून भांडी पण वेगळी केली, दुधाची निळ्या कडेची, मांसाची साधी स्टीलची, आणि नवऱ्याला पटायला थोडे दिवस लागले पण आता तोच मला आठवण करतो की हा चमचा दह्याचा आहे.

त्या शुक्रवारी कंदील लावायच्या आधी आजीचा फोन आला. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, लागल्यावर ती फोन घेत नाही. मनुकांचं सरबत किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी, गाळून ठेवलं होतं, रस्सा झाला होता. तिने एकच विचारलं, शेवटचं पाणी स्वच्छ निघालं का? निघालं म्हटलं.

आता कलेजी करायचीय. ती मिठाने होत नाही, चिरा पाडून जाळावरच भाजावी लागते, आणि त्यासाठी गच्चीवर शेगडी नेऊ का ते आजीलाच विचारते.