तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना घरी जर्मन आणि जपानी कसं शिकवतो

"इतक्या लहान वयात एवढ्या भाषा, मुलांचा गोंधळ होत नाही का? आणि आम्हालाही करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?" हे मला सोसायटीत, शाळेच्या गेटवर, लग्नकार्यात, सगळीकडे विचारतात, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. मी जर्मन शिकवते, नवऱ्याचं काम जपानी लोकांबरोबर असतं आणि त्याचं जपानी फार छान आहे, राहतो पुण्यात, मोठी सहा वर्षांची आणि धाकटा साडेतीन. घरात सासूबाई आहेत, त्या फक्त मराठी बोलतात.

गोंधळाचं आधी सांगते. धाकटा परवा खाली बघून म्हणाला, "इनूला बिस्किट देऊ?" इनू म्हणजे जपानीत कुत्रा, पण 'ला' कुठे लावायचा हे त्याला बरोब्बर कळलंय, म्हणजे वाक्य मराठीच आहे, फक्त जो शब्द आधी सापडला तो त्याने वापरला. मोठीसुद्धा त्या वयात असंच बोलायची आणि आता कोणाशी काय बोलायचं हे तिला सांगावं लागत नाही. हो, पण दोन वर्षांचं होऊनही मूल फारसं बोलत नसेल तर "घरात खूप भाषा आहेत ना" म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, जास्त भाषांमुळे बोलणं अडत नाही.

आता पद्धत. एक माणूस एक भाषा हे तुम्ही ऐकलं असेल, झ्यूल राँझा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने १९१३ मध्ये स्वतःच्या मुलाबद्दल पुस्तक लिहिलं, त्याच्यात हे आहे, वडील फ्रेंच बोलायचे आणि आई जर्मन. पण त्या दोघांच्या त्या मातृभाषा होत्या हो. माझी मराठी आहे. गुडघा फुटून रडत आलेल्या मुलाला मी जर्मनमध्ये जवळ घेणार नाही, मला ते मनापासून जमणारच नाही आणि जमवायचंही नाही. म्हणून आमच्याकडे भाषेला माणूस नाही, वेळ आहे. आंघोळ आणि झोपतानाची गोष्ट जर्मनमध्ये. बाबा दारातून "तादाइमा" (म्हणजे 'आलो मी') म्हणत येतो की दोघं "ओकाएरी" ('आलास, ये') म्हणून धावतात, तिथून जेवणापर्यंत जपानी, जेवायला बसताना आजींबरोबर श्लोक आणि मग "इतादाकिमास", जे जपानी लोक जेवायला सुरुवात करताना म्हणतात. बाकी सगळा दिवस मराठी, आणि इंग्लिश शाळेतून येतंच.

व्हिडिओ लावून देऊ का, हे तर प्रत्येकजण विचारतो. २००३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला, काही बाळांशी समोर बसून चिनी बोलले, खेळले, आणि काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी आवाजांतला फरक ओळखता यायला लागला, टीव्हीवाल्यांना काहीच फरक पडला नाही. मला स्वतःला हे अगदी पटतं, मुलाला भाषा नको असते, आई हवी असते, बाबा हवा असतो, भाषा त्यांच्याबरोबर येते. आणि वर्कशीट तर मुळीच नकोत. जर्मनी काय आणि जपान काय, तिथेही मुलं सहाच्या आसपास पहिलीत जातात, मग इथे तीन वर्षांच्या पोराकडून हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं कशाला गिरवून घ्यायची? त्यापेक्षा जान-केन-पोन खेळा, म्हणजे त्यांचं दगड-कागद-कात्री.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच घरांत मुलांशी मराठी बोलतच नाहीत, दिवसभर इंग्लिश, आणि वर चौथ्या वर्षी जर्मन हवं असतं. असं करू नका प्लीज. आमची मुलं जर्मन पटकन उचलतात त्याला मराठीची मदत आहे. तो-ती-ते ची सवय असल्यामुळे जर्मनची तीन लिंगं त्यांना विचित्र वाटत नाहीत, एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो तसंच जर्मनही म्हणतात, आणि जपानीत क्रियापद शेवटी येतं, "शाळेला जातो" च्याच क्रमाने "गाक्को नी इकु". १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी दाखवलं होतं की इंग्लिश घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट मधला फरक ऐकू येतो आणि वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा जातो. आपल्या मुलांना हे नुसत्या आजीच्या बडबडीतून मिळतं.

आणि "आम्हाला कुठलीच परदेशी भाषा येत नाही" म्हणत असाल तर आधी तुम्ही शिका, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे, मुलं तुम्हाला घरी अभ्यास करताना बघतील. नाहीतर घरात कोणाची कोंकणी असेल, शेजारच्या काकू कानडी असतील, तर रोज थोडा वेळ मुलांना त्यांच्याकडे सोडा आणि त्यांना सांगा की मुलाशी तुमच्याच भाषेत बोला. जर्मनचा क्लास आठवीत लावला तरी चालतो.