तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं लिखाण सापडतं कसं?

"दहा-बारा वर्षांपूर्वी नेटवर कुणीतरी लिहिलेलं तुम्हाला नेमकं सापडतं कसं?" हे मला नेहमी विचारलं जातं. पाठोपाठ तक्रारही येते, की मराठीत शोधून काही मिळतच नाही.

मिळतं हो. पण आपण शोधतो आपल्या आजच्या शब्दांत आणि लिहिणाऱ्याने लिहिलेलं असतं त्याच्या त्या दिवशीच्या शब्दांत. शिलाई मशीनवर धागा सारखा का तुटतो, याचं एक झकास उत्तर मी कधीतरी वाचलं होतं. ते पुन्हा हवं होतं म्हणून "शिलाई मशीन धागा तुटणे" असं शोधत संध्याकाळ घालवली. जाहिराती तेवढ्या मिळाल्या. मग आठवलं, त्या माणसाने धागा म्हटलंच नव्हतं, दोरा म्हटलं होतं. आणि सुईची "चपटी बाजू" चुकीच्या दिशेला बसलीय, असं निदान केलं होतं. "चपटी", "सुई", "दोरा" एवढंच टाकलं आणि पान समोर आलं. तेव्हापासून मी विषय शोधत नाही, आठवणीत अडकलेला एखादा चमत्कारिक शब्द शोधतो. "तुटणे" कुणीही लिहितं, "चपटी" फार थोडे लिहितात. शिवाय "तुटणे" हे पाठ्यपुस्तकात. माणसं "तुटतोय" लिहितात.

दुसरी गोम कीबोर्डची. "दुसऱ्या"मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसरीत साधा र आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सामायिक पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ वर चंद्र चढवून काम भागवायचे, आणि सवयीने नंतरही भागवत राहिले. "दुःख"मधल्या विसर्गाच्या जागी तर अर्धा महाराष्ट्र कोलन टाकतो. मोठी शोधयंत्रं यातलं बरंच सांभाळून घेतात, साध्या शोधपेटीला ते जमेलच असं नाही. म्हणून असा शब्द टाळून शेजारचा सरळ शब्द घ्यायचा. शुद्धलेखनाचा अभिमानही तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवायचा. "माहिती" नाही सापडली तर "माहीती" टाकून बघा. मला त्यातून रत्नं मिळाली आहेत.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधलं लिखाण मात्र असं हाती लागत नाही. तिथे डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं नि चिन्हं भरलेली असतात.

गूगलमध्ये इंग्रजीत "बिफोर", लगेच कोलन आणि वर्ष लिहिलं की त्याआधीची पानं येतात. उपयोगी आहे, पण पानाची तारीख गूगल कधीकधी चुकीची धरतं, तेव्हा वर्ष जरा सैल ठेवावं.

आणि पानच उडालेलं असेल तर? गूगलने साठवलेली प्रत बघायची सोय २०२४ मध्ये बंद झाली. उरतं ते इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. १९९६ पासूनची पानं तिथे आहेत, सगळी अर्थातच नाहीत. तिथे जुना पत्ता टाकला की ज्या दिवशी प्रत घेतली, त्या दिवसाचं पान दिसतं. म्हणजे पत्ता हवा! जुन्या मेलमध्ये, कुणाला पाठवलेल्या निरोपांत, ब्राउझरच्या खुणांमध्ये (बुकमार्कमध्ये) तो पडलेला असतो. मी आधी तिथेच हात घालतो.

तेव्हा मला विचारताना "ते मशीनबद्दलचं" असं सांगू नका. त्यातला एक तरी शब्द, चुकीचा का असेना, जसा आठवतो तसा पाठवा. दोऱ्याचं ते पान मी उतरवून ठेवलंय. त्यातली चित्रं गेली आहेत, पण सुई कशी बसवायची ते कळतं.