पातूरच्या घाटापलीकडची वारी

शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते. ७०० किलोमीटरांहून अधिक असलेल्या या वाटेचा पहिला भाग अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतून जातो, आणि यंदा मी पालखीच्या मागे रिसोडपर्यंत चाललो. संस्थानच्या वारकऱ्यांची शिस्त, पांढरा वेश, खांद्यावरच्या पताका आणि टाळ-मृदंगाचा ठेका यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र पालखीमागून आणि रस्त्याच्या कडेने भेटलेल्या माणसांविषयी लिहावयाचे आहे.

वाडेगावच्या लिंबाच्या बागा मागे टाकून पातूरचा घाट चढू लागलो, तेव्हा माझ्या पुढे एक बंजारा सासू आणि तिची सून चालत होत्या. सासूच्या अंगावर भिंगांचा घागरा होता, सुनेने साधे पातळ नेसले होते. दोघी आपसांत गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत बोलत आणि हरिपाठ सुरू झाला की तो अस्खलित मराठीत म्हणत. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण हरिपाठातला एकही शब्द त्यांच्याकडून सुटत नव्हता. रामनवमीला आपण पोहरादेवीला सेवाभायाच्या, म्हणजे बंजारा समाजाच्या संत सेवालाल महाराजांच्या दर्शनास जातो आणि आषाढीला पंढरीला, असे त्यांनी सांगितले. यात काही जुळवून घ्यावे लागते, असे त्यांच्या बोलण्यात कुठेही नव्हते. विठ्ठलाची भक्ती अशी भाषांच्या सीमा ओलांडत पूर्वीपासूनच गेलेली आहे. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबातील माणूस ती आपली म्हणूनच गातो.

मेडशी सोडल्यावर ऊन फार तापले. वखरून ठेवलेल्या काळ्या शेतांत सावलीचे एक झाड नव्हते. अशा ठिकाणी एका गावाच्या बौद्ध वस्तीने रस्त्यावर मांडव घालून पाण्याचे माठ मांडले होते. मांडवात बसलेले वृद्ध गृहस्थ प्रत्येकाला "जय भीम, माउली" म्हणत आणि स्वतः उठून पेला हातात देत. मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही कधी पंढरीला गेलात का?" ते म्हणाले, "आमी पंढरीले जात नाई, नागपूरले जातो. पन उन्हातून आलेला मानूस पानी पेल्याबिगर पुढं कसा जाईन?" १४ ऑक्टोबर १९५६ रोजी वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेले होते आणि आईने त्यासाठी मुद्दाम पांढरे लुगडे घेतले होते. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

त्यांच्या नकाराचा मला मनापासून आदर वाटला, कारण त्यामागे मोठा इतिहास आहे. ज्या चोखोबांचे जन्मस्थान याच विदर्भातील मेहुणाराजा मानले जाते, त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल ठेवता आले नाही, आणि ते दार दलितांसाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. आपल्या समाजातील विविधतेचे कौतुक करताना हा भाग वगळला, तर ते कौतुक खोटे ठरते. त्या बाबांनी आपला मार्ग वेगळा असल्याचे स्पष्ट सांगितले आणि तरीही पाणी दिले. सर्वांनी एकाच देवापुढे उभे राहावे, या आग्रहापेक्षा मला हे नाते अधिक खरे वाटते.

पुढे शिरपूर लागते. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे हे क्षेत्र दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना पूज्य आहे आणि गावाच्या नावालाही लोक 'जैन' जोडूनच बोलतात. तेथे पालखीचे स्वागत साऱ्या गावाने केले. घरोघरी वारकऱ्यांच्या पंगती बसल्या. कांदा-लसणाशिवायचे वरण आणि ज्वारीची भाकरी एका अंगणात, तर झणझणीत ठेचा शेजारच्या अंगणात, असे जेवण वारकरी दोन्हीकडे सारख्याच आनंदाने जेवत होते. यजमानांनी आपले नियम पाळले आणि पाहुण्यांनीही ते पाळले, त्यासाठी कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

रिसोडला पोहोचण्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला. त्या बंजारा सासूबाई सकाळीच तांड्याकडे परतल्या, कारण सोयाबीनची पेरणी थांबवून चालणार नव्हते. पेरणी उरकली की एसटीने पंढरपूर गाठू, असे त्या म्हणाल्या. सून मात्र गावाच्या दिंडीबरोबर पुढे हिंगोली जिल्ह्यात शिरली.