पेटीचा क्लास आणि कॅमेरा

वेबकॅम मागितला की दुकानदार आधी मेगापिक्सल सांगतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत एकानं मला चक्क वीस मेगापिक्सलचा खोका दाखवला, तोही हजाराच्या आत. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, हिशेब केला तर जेमतेम २ मेगापिक्सल. उरलेले बहुधा खोक्यावरच राहत असावेत. "दादा, कॉम्प्युटर कुठला आहे?" हा खरा प्रश्न, तो मात्र त्यानं विचारला नाही.

कॉम्प्युटर आईचा, कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या जमान्यातला. ती त्यावरून पेटी शिकवते. "चालतोय ना अजून? मग कशाला!" या एका वाक्यावर तो आजवर तगून आहे. त्याला सगळे यूएसबी २.० चे पोर्ट. त्यातून सेकंदाला ४८० मेगाबिट जातात, तेही कागदावर. फुल एचडी चित्र सेकंदाला ३० फ्रेमनं न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, पाठवायचं तर जवळजवळ १००० लागतात. म्हणून कॅमेरा प्रत्येक फ्रेम दाबून पाठवतो. ती उलगडायची आणि कॉलसाठी पुन्हा दाबायची, हे काम म्हाताऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात. मग पंखा घोंघावतो आणि तो आवाज माइकमधून थेट सांगलीच्या विद्यार्थिनीच्या कानात. त्यापेक्षा फुल एचडीहून लहान, १२८० गुणिले ७२० चं चित्र पुरे. तिच्या मोबाइलवर आई नाहीतरी काडेपेटीएवढीच दिसते.

ऑटोफोकसचं कौतुक मला फार वाटत नाही. भाता हलला, बोटं पट्ट्यांवरून धावली की कॅमेरा बावचळतो. घटकेत पट्ट्या स्पष्ट, घटकेत आईचा चष्मा, आणि नेमकी शिकवायची हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, आली की सगळंच धूसर. फिक्स्ड फोकसवाला बरा, फक्त दोन-अडीच फुटांवर ठेवायचा. खोक्यावर 'यूव्हीसी' (यूएसबी कॅमेऱ्यांची सामाईक पद्धत) लिहिलेलं असलं तर ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये त्याची सोय असते.

एवढं करून कॅमेरा लावला, तर चित्रावर काळपट पट्टे सरकायला लागले. आईचा निकाल तयार: "स्वस्तातलं आणलंस." दोष कॅमेऱ्याचा नव्हता. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेरा अमेरिकेच्या हिशेबानं ६० वर बसलेला, त्याचा ताल चुकतो. सेटिंगमध्ये ५० केलं, पट्टे गेले. तालाचं कारण आईला मात्र लगेच पटलं.

मग पेटी खिडकीकडे तोंड करून मांडली. खिडकी पाठीमागे असली की माणसाची नुसती सावली दिसते, त्यावर महागडा कॅमेराही फारसं काही करू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीहून विचारणा झाली, "बाई, नवी पेटी घेतलीत का?"