मिनिटभर थांबणं

आयसीयूमध्ये नाईट ड्युटी करून बारा वर्षं झाली, पण एक रात्र डोक्यातून जात नाही. पेशंटला पाऊण तास सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवायचा प्रयत्न केला, गेला तो, आणि नातेवाईकांचं रडणं कानात असतानाच मी शेजारच्या बेडचं इंजेक्शन भरायला लागले आणि हातात अँप्युल आलं ते केसीएलचं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं, जे थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. सोबतच्या सिस्टरने लेबल बघून हात धरला म्हणून निभावलं. आम्हाला त्या रात्री कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई, पाणी तरी प्यायलीस का.

नंतर अमेरिकेतल्या जोनाथन बार्टेल्स या नर्सबद्दल वाचलं, तोही इमर्जन्सीतलाच. पेशंट गेला की सगळ्यांनी बेडभोवती मिनिटभर शांत उभं राहायचं, त्या माणसाला आणि एकमेकांच्या कष्टांना मान द्यायचा, प्रत्येकाने आपापल्या मनात काय म्हणायचं ते म्हणावं, ही पद्धत त्याने सुरू केली. मला तर कामाच्या जागचं अध्यात्म म्हणजे हेच वाटतं, भिंतीवर फोटो लावून आणि वर्षातून एकदा मेडिटेशनचं लेक्चर ठेवून ते येत नाही हो! २०२० च्या जागतिक पेशंट सेफ्टी दिनाचा विषयच आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरक्षा हा होता, म्हणजे आमचं मन थाऱ्यावर असणं हा पेशंटच्या जिवाचाच प्रश्न आहे.

आता आमच्या शिफ्टला आम्ही थांबतो. सफाईवाल्या मावशीपण झाडू बाजूला ठेवून हात जोडतात. स्टाफ मात्र अजूनही कमीच आहे, एकेका नर्सकडे तीन-तीन व्हेंटिलेटरचे पेशंट, आणि त्याला मिनिटभराची शांतता पुरत नाही.