लपवणारी पोरं आणि न लपवणारे बाप्ये
आज निपाणीत काम होतं, स्टँडजवळ चहाला थांबलो तर शेजारी पाठीवर सॅक अडकवलेली तीन पोरं, धड मिसरूड फुटलेलं नाही, एकाच सिगरेटवर आळीपाळीनं झुरके मारालेत, वास घालवायला मिंटच्या गोळ्या खिशात तयार! कर्नाटकात आता २१ वर्षांच्या आतल्यांना विकायचं नाही असा कायदा झालाय, सार्वजनिक जागी ओढली तर १००० रुपयांपर्यंत दंड, पण टपरीवाला म्हणतोय कसा, "मी नाय दिली तर पुढचा देतोय की ओ." पोरांना बोलायचं तरी कुणी, बाजूलाच चार बाप्ये बिडी ओढत उभे. आमच्याकडं शेतात तंबाखू, कितीतरी बायकांची घरं विड्या वळून चालतात, मग वावगं वाटणार कुणाला? पोरांनी मला बघून सिगरेट मागं तरी लपवली, बाप्यांनी तेवढंपण नाही केलं बघा.