आभाळावर नेम धरून

मागे एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला, तो पिस्तुलासारखा दिसणारा. घेतला होता फ्रीज नीट थंड करतोय का ते बघायला, पण अशी वस्तू हातात आली की माणूस फ्रीजवर थांबतो होय? भिंत मोजली, बल्ब मोजला, झोपलेली मांजर मोजली आणि थंडीतल्या एका रात्री गच्चीवर जाऊन सरळ आभाळावर नेम धरला. आकडा आला उणे 24! गच्चीवरची हवा होती 14. म्हटलं सेल उतरले असणार. मग काही दिवसांनी ढग दाटलेल्या रात्री परत तोच उद्योग केला तर आकडा अधिक 9, आणि त्या रात्री पांघरूण पायाशी पडून होतं, आधीच्या रात्री मात्र पहाटे दात वाजत होते. दुपार दोन्ही दिवशी जवळपास सारखीच होती हां, फरक पडला तो रात्रीत.

जमीन उष्णता सोडतच असते, दिवसा आणि रात्रीही, आपल्याला ती दिसत नाही एवढंच. हवेतला 99 टक्के भाग म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, पण हे दोघं त्या उष्णतेकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिला अडवते ती उरलेली किरकोळ मंडळी, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे. 1856 मध्ये युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड भरून त्या उन्हात ठेवल्या आणि त्या जास्त तापतात हे बघितलं, मग 1859 पासून जॉन टिंडलनी उष्णतेचं हे शोषण लॅबमध्ये नीट मोजलं. नाव टिंडलचं झालं, बाई कितीतरी वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या.

याला सगळे पांघरूण म्हणतात, मला ते तितकंसं पटत नाही. पांघरूण नुसतं हवा अडवतं, वाफ मात्र खालून आलेली उष्णता झेलते आणि स्वतःही सगळीकडे फेकत बसते, थोडी वर, थोडी परत आपल्याच अंगावर. माझं यंत्र मोजत होतं ती ही खाली परत येणारी उष्णता, कोरड्या, बिनढगाच्या रात्री ती कमी म्हणून आकडा उणे, ढग असले की तेही ती खाली फेकतात म्हणून आकडा अधिक.

बरं वाफ दिवसाही गप्प बसत नाही. ओली जमीन असेल तर उन्हाची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते, एका ग्रॅमला साधारण 580 कॅलरी, म्हणजे दुपार फार चढत नाही. आणि पहाटे दव पडायला लागलं की तीच उष्णता परत मिळते, त्यामुळे पारा दवबिंदूपाशी, म्हणजे ज्या तापमानाला दव पडायला लागतं तिथे, येऊन अडखळतो. दवबिंदू 22 असेल तर रात्र साधारण 22 च्या आसपासच थांबणार, 2 असेल तर घसरगुंडी.

इथे एक वाद हमखास निघतो. वाळवंटावरच्या हवेत आणि समुद्रकाठच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सारखाच, दहा लाखात 420 भागांच्या वर, तरी वाळवंटात दुपार भाजते आणि पहाट गोठवते, मग हा कार्बन करतो काय? मीही एकदा तावातावाने असं बोललेय. पण तो दिवसा आणि रात्रीही ड्युटीवर असतो, दोन्ही आकडे वर ढकलतो, म्हणून कमाल वजा किमान केलं की बराचसा कटून जातो. वजाबाकीत दिसला नाही म्हणजे नाहीच असं थोडंच आहे! शिवाय हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात वाफ 7 टक्के जास्त मावते, म्हणजे याच्यामागून ती आलीच. आणि पूर्ण कटतही नाही, गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभर रात्री दिवसांपेक्षा जरा जास्तच तापल्यात. ढग आणि धुरकट हवा दिवसाचं ऊन कमी करतात हे एक कारण, दुसरं म्हणजे रात्री जमिनीलगतचा हवेचा थर पातळ असतो, तेवढीच जादा उष्णता तिथे लगेच जाणवते.

मंगळ तर अजून मजेशीर. हवेत 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, तरी दिवसरात्रीत 70 डिग्रीचा फरक सहज पडतो, कारण मुळात हवाच आपल्या एक टक्क्याच्या आसपास आणि वाफ जवळपास नाहीच. उलट शुक्रावर तोच वायू इतका जाड की रात्रंदिवस 465. तिथल्या हवामान खात्याला कामच नाही.

आता मी वेदर ॲपमध्ये कमाल तापमान बघतच नाही, संध्याकाळी दवबिंदू बघते. आज 25 आहे. गच्चीवर जाऊन नेम धरून आले, एकही ढग नाही तरी आभाळ अधिक 3 दाखवतंय, आणि मांजर फरशीला पोट टेकून पसरलीये. तिला ॲप लागत नाही.